पंखा बंद म्हणजे माणसं बाहेर

गाडीतला पंखा चालू आहे की बंद, हे ओळखायला माणसाला काय लागतं? मला वाटायचं, तोंड लागतं. तोंडावर वारा आला तर चालू, घामाच्या धारा लागल्या तर बंद. यात डोकं चालवण्यासारखं काहीच नाही. पण एका माणसानं माझी ही साधी समजूत अशी काही विस्कटून टाकली, की आजही कुणाच्या गाडीत बसलो आणि त्यानं एसी लावला, की मी आधी विचारतो, "चालू आहे ना?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बघू दे.

भाऊ माझे घरमालक. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं आणि मधलं जंगल ओलांडलं की जे तालुक्याचं गाव लागतं, तिथं त्यांचं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत होतो. पहिल्याच सकाळी माझी झोप मोडली ती छताच्या ठकठकीनं. डोळे उघडून बघतो तर खोलीच्या मधोमध भाऊ उभे. हातात बांबूची लांब काठी, आणि वरचा स्लॅब ठोकून राहिले आहेत. एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात. मान तिरपी, कान छताला.

मी घाबरून उठलो. "काय झालं, भाऊ?"

"काई नाई. झोप तू. आवाज चांगला हाय."

आणि गेले. आता अशा सकाळी माणूस झोपेल कसा? मी तसाच बनियनवर समोरच्या ओट्यावर आलो. तिथं त्यांची बायको तांदूळ निवडत होती. तिला अख्खी गल्ली बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणत आलो. मी विचारलं, हे काय प्रकरण आहे? बाईंनी सुपावरून मान वर केली नाही.

"खाणीत सरदार होता ना बुडा. तिथी छत ठोकून पाहावं लागते, मंगच माणसं आत. आता खाण सुटली, काठी नाई सुटली. तुमच्या आधीचा किरायेदार पळून गेला याच्याच पायी. तुम्ही किती दिवस टिकता पाहू."

सरदार म्हणजे घोड्यावरचा नव्हे. घुग्घुसकडच्या एका जमिनीखालच्या कोळसाखाणीत भाऊंनी उभा जन्म काढला, आणि पाळीतल्या माणसांना धडधाकट आत न्यायचं आणि धडधाकट बाहेर आणायचं, हे त्यांचं काम. त्या कामानं त्यांना काय काय सवयी लावून दिल्या होत्या याची गणतीच नाही. शेजारच्या लग्नाला आम्ही तिघं गेलो, तर पंगतीतून उठताना त्यांनी आम्हाला मांडवाच्या दारात उभं करून मोजलं. "एक, दोन अन् मी तीन. चाला." तिघंच तर होतो! मला हसू आवरेना, पण भाऊंच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. जेवताना पहिला घास घेण्याआधी ते खिडकी उघडायचे. बाहेर लू चालू असो की माश्या घोंघावत असोत, खिडकी उघडीच. "आधी हवा, मंग पाणी, मंग भाकर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "याच्यात पुढंमागं केलं का माणूस गेला."

त्यांच्याकडे एक पांढरी जुनी गाडी होती. बाईंच्या किडन्या कामातून गेल्या होत्या आणि दर मंगळवारी, शुक्रवारी चंद्रपूरला दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागे, म्हणून निवृत्तीनंतर भाऊंनी ती घेतली होती. मला योगायोगानं त्याच दोन दिवशी चंद्रपूरच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागायचं. मी बसनं जायचो. एक दिवस भाऊ म्हणाले, "बसनं काऊन जातं? आमच्या संगं चाल. मागची सीट खालीच राह्यते." फुकटची गाडी, वर एसी. मी म्हटलं, देव पावला.

मार्च संपत आला होता. म्हणजे आमच्याकडे उन्हाळा चांगलाच तापलेला. बाई पुढं, मी भाऊंच्या मागं. बाईंना डॉक्टरच्या हुकमानं नाश्त्यासोबत दोन घोट पाणी मिळायचं, बाकी दिवसभर ओठ ओले करायचे. त्यांनी चपला काढून पाय मोकळे सोडले होते. एसीच्या जाळ्यांना भाऊंनी बाईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाचे लाल धागे बांधलेले, ते फडफडत होते. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "वारा दिसला पायजे. कानावर भरोसा नाई आता." बरं बाबा.

जंगल लागलं. दोन्हीकडे सागवान, पानं गळून मोकळं झालेलं. रस्त्याच्या कडेला वाघाचं चित्र असलेला फलक, की वन्यप्राण्यांचा वावर आहे, वाहन थांबवू नये. तो फलक मागं पडला, एक गाव जवळ आलं, गावाच्या आधी रस्त्याला लागून एक तलाव दिसला. तेवढ्यात टक् असा बारीक आवाज झाला आणि लाल धागे खाली पडले.

"पंखा बंद!" भाऊ ओरडले. गाडी कडेला. इंजिन बंद. "उतरा! सारे उतरा!"

मला वाटलं, गाडीला आग लागली. मी दार उघडून असा उडी मारून पडलो, की गुडघा फुटला. उठून बघतो तर धूर नाही, जाळ नाही. बाई आपल्या सावकाश उतरून चपला पायात सरकवताहेत. भाऊ रस्त्यावर उभे राहून मोजताहेत. "एक, दोन अन् मी तीन. बरोबर."

"भाऊ, झालं काय?"

"पंखा बंद पडला."

"मग?"

"मंग काय? पंखा बंद म्हणजे माणसं बाहेर."

"अहो, पण काच खाली करून..."

"इंजिनियर," भाऊ म्हणाले. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला आहे असं एकदा बोलून बसलो होतो, तेव्हापासून मी इंजिनियर. "काच खाली केली का पंखा चालू होते का? नाई होत. मंग माणसं बाहेर."

 वाघाच्या रस्त्यावर, टळटळीत उन्हात, एक माणूस मला सुरक्षित ठेवायचं म्हणून गाडीबाहेर काढतो. मी झाडीकडे बघत उभा राहिलो. बाई मात्र तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या. त्या गडचिरोलीकडच्या, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरच्या, लहानपण तलावावर गेलेलं. समोर दोघं जण जाळं टाकत होते, आणि बाईंची टीका सुरू झाली होती. "अरे बाप्पा, असं टाकतेत का जाळं! कंबर वळव ना, कंबर! हाताला काय मेंदी लावली का?" त्या दोघांनी एकदा वळून पाहिलं आणि बाई खुदकन हसल्या. दवाखान्यात जायच्या दिवशी बाई हसलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं भाऊ एकटे गाडीत बसले. किल्ली फिरवली, जाळीपाशी हात धरला. पंखा सुरू झाला नाही. मग दवाखान्याची वेळ होत आली म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं, आधी बाई बसल्या, धाडकन दारं लागली आणि धागे फडफडायला लागले. पंखा चालू! जणू कधी बंद पडलाच नव्हता. मी मागच्या सीटवर गुडघा चोळत तोंड उघडं टाकून बसलो.

एवढी कडक शिस्त म्हणजे नक्कीच मागं काहीतरी घडलेलं असणार, असं मी गृहीत धरलं. आपल्याला असं वाटतंच. एका संध्याकाळी ओट्यावर भाऊ निवांत बसलेले बघून मी आवाज हळू करून विचारलं, "भाऊ, तुमच्या खाणीत पंखा बंद पडून कोणी... गेलं होतं का?"

"कोण?"

"म्हणजे माणसं."

"नाई ना. कोणीच नाई."

"एकही नाही?"

"माझ्या पाळीत एकबी नाई."

"मग एवढं काय, पंखा बंद की बाहेर, पंखा बंद की बाहेर?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की या पोराला डिप्लोमा दिला कोणी. "म्हणूनच तं नाई ना मेलं कोणी," म्हणाले आणि उठून आत गेले. आता याच्यात चूक काढून दाखवा! मी रात्रभर काढत होतो, सापडली नाही.

मग हे नेहमीचंच झालं. कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, कधी लागोपाठ दोन्ही वेळा. टक्, धागे खाली, पंखा बंद, माणसं बाहेर. आणि पंख्याची लहर अशी, की जाताना बंद पडायचा, येताना कधीच नाही. बहुतेक वेळा त्या तलावापाशीच. मी माझा तर्क लढवला: गावाच्या आधी गतिरोधक आहे, धक्क्यानं काहीतरी हलत असणार. पण येतानाही तोच गतिरोधक होता. येताना त्याला काय झालं होतं? भाऊंना विचारलं तर म्हणाले, "येताना गाडी खुश राह्यते." घ्या!

मेकॅनिकांनी तर माझं डोकंच फिरवलं. गावातल्यानं पंख्याच्या मोटरवर पान्याच्या दांड्यानं दोनदा टकटक केलं, म्हणाला मोटरचे कार्बन झिजले, आणि मोटर बदलली. पुढच्या शुक्रवारी आम्ही तलावापाशी उतरलेलो. चंद्रपूरच्या वायरमननं बोनेट उघडून पाहिलं आणि सांगितलं की उंदरानं वायर कुरतडली. कुरतडलेली वायर काही सापडली नाही, एक लेंडीसुद्धा नाही, पण तो उंदरावर ठाम होता. एका मोठ्या गॅरेजात मी सगळी लक्षणं पेशंटसारखी सांगितली. पंखा कमी वेगावरही बंद पडतो आणि फुल वेगावरही, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा भाग गेलेला नाही. फ्यूज शाबूत आहे. बंद पडायच्या आधी टक् असा आवाज येतो. टक् म्हटल्याबरोबर तिथला माणूस खुश झाला. "रिले! रिले चिकटून राहिला, साहेब." रिले नवा टाकला. गाडी दिवसभर त्यांच्याकडे उभी होती, दिवसभर पंखा सणसणत होता. संध्याकाळी त्यानं मला वाऱ्यासमोर तोंड धरायला लावून खात्री करून दिली.

मंगळवार. तलाव. टक्.

मी त्या दिवशी खरोखर रडकुंडीला आलो. भाऊ शांत. ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे आम्हाला मोजत, मग मोहाच्या बुंध्याला टेकून उभे राहत. बाई पाळीवर बसून पाण्याकडे बघत. मरळ निघाली का, झिंगे किती आले, शिंगाडा लावणार का यंदा, अशा चौकशा करत. मे महिन्यापर्यंत त्या जाळंवाल्या दोघांशी त्यांचं नातं जुळलं होतं. ते आमची वाट बघायचे. "आज उशीर केला, बाई," म्हणायचे. जणू आम्ही ठरवून येत होतो!

हे सगळं असंच चाललं असतं, पण नागपूरहून ताई आली. ताई म्हणजे भाऊंची एकुलती एक लेक. शुक्रवारी ती आईसोबत म्हणून गाडीत बसली आणि नेमकं तेव्हाच टक् झालं. मी मनात म्हटलं, मेलो. ताईनं तो सगळा तमाशा पाहिला. वाघाचा फलक पाहिला. ऊन अंगावर आदळत होतं. आई मोहाखाली, बाप मोजतोय. "एक, दोन, तीन अन् मी चार."

"बाबा, वेडे झालात का तुम्ही?" ताईचा आवाज फाटला होता. "आईचं रक्त नीट नाही, बीपी नीट नाही, आणि तुम्ही तिला या उन्हात, या जंगलात उतरवता? पंख्यासाठी?"

"पंखा बंद हाय."

"मग दुरुस्त करा! नाही होत? मग मी आईला घेऊन जाते. नागपूरला घराजवळ दवाखाना आहे. पाच मिनिटांत रिक्षानं जाता येतं. ऐकलं का? पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गाडीत बसणार. तुम्ही एकदा जरी आईला रस्त्यात उतरवलं, तर त्याच दिवशी तिची बॅग भरते."

 भाऊ लेकीच्या घरी जाऊन राहणारे नव्हते. जावयाच्या दारात मुक्काम करायचा नाही, ही त्यांची जुनी आण. वर ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. "जमिनीखाली कितीबी न्या, वर नका नेऊ," असं ते एकदा गमतीनं म्हणाले होते. म्हणजे बाई नागपूरला आणि भाऊ इथं, सकाळी उठून दोन माणसांचं छत ठोकणार, त्यातला एक मी. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. बाई खाली मान घालून गाडीत बसल्या होत्या. नाही म्हटलं तरी बाप-लेकीत बोलायला मी कोण?

रविवारी मी गाडी ओट्यासमोर घेतली. म्हटलं, आता एक तर हा पंखा नाही तर माझा डिप्लोमा. बाईंच्या सीटपुढं, डॅशबोर्डच्या खणाच्या खाली, जिथं पाय ठेवतात तिथं मी उताणा घुसलो. मान मोडेस्तोवर वर बघत एकेक वायर हलवत गेलो. पंखा चालूच ठेवला होता. आणि एका प्लगला हात लागल्याबरोबर पंखा बंद! परत ढकललं, चालू. ओढलं, बंद. मोटरचा प्लग! त्याची कडी तुटलेली होती, सैल लोंबत होता. तीन-तीन मेकॅनिक होऊन गेले, त्यातल्या एकानं तर मोटर बदलताना हाच प्लग लावला असणार, पण कडीकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी तिथूनच ओरडलो, "सापडलं! भाऊ, सापडलं!"

भाऊ आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हं." बस. एवढंच. दोन महिन्यांचा रोग सापडला आणि हा माणूस म्हणतो हं! मी प्लग पक्का बसवला, त्यावर तार गुंडाळली, तारेवर टेप मारली, टेपवर आणखी टेप. बाई दारात उभ्या होत्या.

"पक्कं झालं का?"

"पक्कं म्हणजे काय, बाई! आता तुम्ही लाथ मारली तरी निघणार नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी मला रोजचा चहा आला नाही. मी म्हटलं, विसरल्या असतील.

मंगळवारी ताई माझ्या शेजारी बसली, हाताची घडी घालून. बाई पुढच्या सीटवर चढल्या आणि चक्क मांडी घालून बसल्या, पाय पदराखाली झाकून. लाल धागे आडवे होऊन फडफडत होते. वाघाचा फलक गेला. तलाव आला. जाळंवाल्या दोघांनी हात वर केला. गाडी पुढं गेली. बाईंनी तिकडं मान वळवली नाही, सरळ रस्त्याकडे बघत राहिल्या. माझी छाती अभिमानानं फुगलेली. चंद्रपूर आलं तेव्हा ताईनं माझा हात हातात घेऊन सांगितलं, "दादा, तुमचे उपकार आहेत. आईला इथंच राहू देते." दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली.

म्हणजे सगळं छान झालं, नाही का? मलाही तसंच वाटलं. पण शुक्रवारी सकाळी बाई ओट्यावरून उठेनातच.

"आज राहू द्या. अंग दुखते."

भाऊ गाडी काढून उभे. मी बॅग घेऊन उभा. "बाई, असं कसं? डॉक्टर काय म्हणतील?"

"म्हणू द्या. रोज रोज तेच. सुया टोचून घ्या अन् पडून राहा. घरून निघालं का सिधी सुईच. मले नाई जायचं."

मला वाटलं, लहर आहे, जाईल. पण दुसऱ्या दिवशी पाय सुजले, सोमवारी चेहरा सुजला. दोन पावलं चालल्या की बसत होत्या, धाप लागत होती. डॉक्टरनं फोनवर भाऊंना फैलावर घेतलं: मंगळवार चुकला तर मला विचारू नका. भाऊंनी फोन ठेवला आणि बराच वेळ काठी हातात धरून नुसते बसले. त्या दिवशी त्यांनी माझं छत ठोकलं नाही.

मी पार गोंधळून गेलो होतो. पंखा बिघडलेला होता तोवर बाई बिनतक्रार जात होत्या. उन्हात उतरत होत्या, परत चढत होत्या. आणि आता पंखा एकदम ठणठणीत, तर बाई ओट्याचा खांब सोडेनात! कुठला न्याय हा?

मंगळवारी सकाळी तेच. बाई खांबाला धरून बसलेल्या. शेजारणी समजावून गेल्या. मी हात जोडले. बाई फक्त मान हलवत होत्या. मग भाऊ पुढं आले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"चाल व. बसून तं पाहा. त्या पंख्याचा काई भरोसा नाई."

"भाऊ!" मला खरोखर राग आला. "पंख्याचा भरोसा नाही? माझ्या हातानं तार गुंडाळली आहे मी! तो आता गाडी भंगारात जाईपर्यंत बंद पडणार नाही."

"तू चूप बस, इंजिनियर."

बाईंनी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खांब सोडला आणि हात पुढं केला.

 गाडीत बाईंनी या वेळी मांडी घातली नाही. चपला काढून पाय मोकळे सोडले. सुजलेल्या बोटात जोडवं रुतलं होतं. धागे फडफडत होते. वाघाचा फलक मागं पडला. आणि मी ऐकलं.

टक्.

माझी नजर जाळीकडे गेली. धागे फडफडतच होते. मग पुन्हा, टक्. टक् टक्. मी पुढच्या दोन सीटांच्या फटीतून खाली पाहिलं. बाईंच्या पायाचं, अंगठ्याशेजारचं जोडव्याचं बोट खणाखाली चाचपडत होतं. माझ्या टेपवर, माझ्या तारेवर आपटत होतं. प्लग ढकलायला बघत होतं. प्लग हलत नव्हता. बाई समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त पाय तेवढा धडपडत होता. टक्. टक्.

अरे देवा. मी रिले बदलून आणला होता. मी उंदीर शोधत होतो!

मला काय करावं ते कळेना. पुढं वाकून टेप तोडू? चालत्या गाडीत, भाऊंच्या देखत? मी डिप्लोमावाला, माझ्या हातांनी पक्कं केलेलं, आता माझ्याच्यानं सैल होणार नव्हतं. तलाव दिसायला लागला. पाळीवर ते दोघं उभे होते. बाईंचा पाय थांबला. त्यांनी तो हळूच मागं ओढून घेतला आणि डोळे मिटले.

"पंखा बंद!" भाऊ ओरडले.

गाडी कडेला घेतली. मी धाग्यांकडे बघतोय. धागे आडवे, फुल वेगानं फडफडताहेत. माझ्या कपाळावरचे केस उडताहेत. थंड वारा थेट तोंडावर येतोय.

"भाऊ, चालू आहे पंखा..."

"मले शिकवतं का?" भाऊ खेकसले. "जिंदगीभर पंखे ऐकले मी. बंद हाय म्हणतो ना? उतरा! सारे उतरा!"

बाईंनी डोळे उघडले. आधी धाग्यांकडे पाहिलं. मग भाऊंकडे. भाऊ समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते, मान ताठ, एखाद्या अधिकाऱ्यानं हुकूम दिल्यावर बघावं तसे.  बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि त्या उतरल्या.

भाऊंनी आम्हाला मोजलं. "एक, दोन अन् मी तीन. बरोबर." घाईत की कशात, इंजिन बंद करायचं ते विसरले होते. दारं सताड उघडी, रिकाम्या सीटांवर पंखा सणसणत होता. बाई माझा हात धरून मोहापर्यंत आल्या, बुंध्याला टेकून बसल्या, दम घेतला. समोर जाळं पडलं. बाईंनी मान हलवली.

"कंबर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "अरे कंबर वळव ना बाप्पा, किती वेळा सांगायचं!" तिकडून ते दोघं हसले. "आज लय दिवसांनी, बाई!" ते म्हणाले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मला तिथं उभं राहवेना, मी उगाच झाडीकडे वळलो. वाघ आला असता तरी मला दिसला नसता.

भाऊंना हे कधी कळलं होतं? रविवारी मी प्लग दाखवला तेव्हा? की पहिल्या टक् पासूनच? मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी छताकडे बघितलं असतं.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. थोड्या वेळानं त्यांनी गाडीकडे मान वळवून विचारलं, "झाला का हो चालू?"

भाऊ गाडीपाशी गेले. उघड्या दारातून आत वाकले आणि जाळीपाशी हात धरला. वाऱ्यानं त्यांच्या सदऱ्याची बाही फडफड फडफड उडत होती. त्यांनी हात बराच वेळ तसाच धरून ठेवला, नीट तपासून बघितल्यासारखा.

"नाई व," ते म्हणाले. "बस तू. अजून वेळ हाय."